मेलेल्या आरएक्स-८मध्ये व्ही-८ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात मंडळाच्या गणपतीची आरती संपून प्रसादाची रांग लागली की दोन-चार जण हळूच पार्किंगकडे सटकतात. "जरा बॉनेट उघड ना." मग प्रश्न सुरू होतात आणि ते दर वर्षी तेच असतात. प्रसाद थंड होतो, बायको वैतागते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकतोय.

गाडी २००४ सालची माझदा आरएक्स-८, मॅन्युअल गिअरची. मुळात तिच्यात रोटरी इंजिन होतं. आत आता २००५च्या पाँटियाक जीटीओमधलं सहा लिटरचं एलएस२ आहे, म्हणजे जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) एलएस घराण्यातलं व्ही-८, आठ सिलिंडर दोन तिरप्या रांगांत. काम फ्रीमाँटला घरच्याच गॅरेजात झालं. चौदा महिने लागले, तेही बहुतेक शनिवारी.

गाडी मिळाली कुठे?

मोडेस्टोजवळ, बदामाच्या बागेला लागून असलेल्या एका शेडमध्ये. सात वर्षं जागची हलली नव्हती. चारही टायर बसलेले, मागचा एक ब्रेक जाम, टाकीतल्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा वास. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत बदामाची टरफलं, पार काठोकाठ. उंदरांनी कोठार केलं होतं आणि जाता-येता तोंडी लावायला वायरिंग कुरतडलं होतं.

पण खाली झोपून बघितलं तर पत्रा कोरा होता, कुठे गंज नाही. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेचा हा मोठा फायदा. इंजिन विकत मिळतं, गिअरबॉक्स विकत मिळतो, पण सडलेली चासी सरळ करून देणारा माणूस परवडत नाही. त्यामुळे बेवारस गाडी बघायला जाताना बॉनेट सगळ्यात शेवटी उघडा.

कागदपत्रांबद्दल एक. इथे उभ्या गाडीचेही पैसे चढतात. मालकाने डीएमव्हीला (इथल्या आरटीओला) 'गाडी चालवणार नाही' असं रीतसर कळवलेलं असेल तर ठीक, नाहीतर थकलेली फी आणि दंड नव्या मालकाच्या गळ्यात येऊ शकतात. सौदा करण्याआधी नंबर टाकून थकबाकी तपासा. माझ्या आधीच्या मालकाने ते एक काम चोख केलं होतं. बहुधा तेवढं एकच.

आधीचं इंजिन का गेलं? रोटरी इंजिन वाईटच असतं ना?

नाही, आणि या वाक्यावर मी वाद घालतो. याच जातीचं, चार रोटरचं इंजिन घेऊन माझदाने १९९१ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. आरएक्स-८मधल्या रेनेसिस या रोटरी इंजिनाला २००३ साली 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा मान मिळाला होता. वाईट इंजिनांना असलं काही मिळत नाही.

यात पिस्टन नसतात. जातं डोळ्यासमोर आणा, फक्त खुंटा मधोमध नाही आणि वरची पाळी गोल नसून तिकोनी आहे. ती तिकोनी पाळी कंबरेत किंचित दबलेल्या लांबट घरात फिरते, आणि तिची तीन टोकं भिंतीला सतत घासत राहतात. त्या टोकांवर धातूच्या पट्ट्या असतात, बाजूंना आणखी बारीक पट्ट्या असतात. सगळा दाब या पट्ट्यांच्या जिवावर. त्यांना तेल मिळावं म्हणून इंजिन मुद्दामच थोडं थोडं ऑइल जाळतं. म्हणजे दर दोन टाक्यांमागे ऑइल बघणं हा या गाडीचा नित्यनेम आहे. कोरोलावरून आलेल्या माणसाला ते माहीतच नसतं, हे पहिलं कारण.

दुसरं, थंड इंजिन सुरू करून गाडी दहा फूट मागे घेतली आणि बंद केली, की आत पेट्रोल साचतं आणि पुढच्या वेळी ते सुरूच होत नाही. तिसरं, इग्निशन कॉइल म्हाताऱ्या झाल्या की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो वितळून तुंबतो, आणि कोंडलेली उष्णता उलटी इंजिनात येते. स्वस्तातल्या कॉइल वेळेवर न बदलल्यामुळे अख्खं इंजिन जातं. माझ्या गाडीत कन्व्हर्टर काढून हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजत होता.

माझदाने स्वतः अमेरिकेत या इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी वाढवून आठ वर्षं किंवा एक लाख मैल केली होती, म्हणजे इंजिन नाजूक आहे हे काही गुपित नाही. पण नाजूक आणि वाईट यांत फरक आहे.

इंजिन खरंच गेलंय हे कसं ठरवलंत?

कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आत हवा किती दाबतं ते, मोजून. साधा गेज चालत नाही, कारण एका रोटरला तीन तोंडं असतात आणि साधा गेज तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा दाखवून मोकळा होतो. रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो, तो तिन्ही आकडे सुटे दाखवतो. नव्या इंजिनाला साधारण १२० पीएसआय, आणि १००च्या खाली गेलं की निरोपाची तयारी. माझ्या मागच्या रोटरची तिन्ही तोंडं सत्तरच्या आत होती.

हे मोजल्याशिवाय कुणी "इंजिन गेलं" म्हणत असेल तर ऐकू नका. मरगळलेला स्टार्टर, गेलेल्या कॉइल आणि उतरलेली बॅटरी एकत्र आली की धडधाकट रोटरीसुद्धा मेल्याचं सोंग घेते. अशा दोन गाड्या मी नुसत्या कॉइल, प्लग आणि बॅटरी बदलून उठवल्या आहेत.

मग तेच इंजिन पुन्हा का नाही बांधलं?

बांधायला हवं होतं, असं मलाही अधूनमधून वाटतं. रोटरी खोलणं सोपं आहे, भाग मोजकेच असतात. पण माझ्या इंजिनाच्या घराच्या भिंतीवरचा क्रोमचा थर सोलला गेला होता. पट्ट्या नव्या टाकता येतात, घरं बदलायची म्हटलं की हिशेब फिरतो. त्यातून बायकोला ऑफिसला सोडणं, भाजी आणणं असला छोटा-छोटा वापर, म्हणजे पहिलं इंजिन ज्याने मेलं तेच पुन्हा. तुमचा वापर लांबचा असेल, नऊ हजार आरपीएमपर्यंत काटा नेण्याची हौस असेल आणि घरं शाबूत असतील, तर माझा सल्ला रोटरीच बांधा असा आहे. स्वॅप, म्हणजे इंजिनाची अदलाबदल, केलेल्या माणसाकडून हे ऐकायला विचित्र वाटेल.

एलएसच का? होंडाचं का नाही?

होंडाचं के२४ बसवणारे आहेत आणि ते मूर्ख नाहीत. हलकं, टिकाऊ, अॅव्हरेज चांगलं. पण मला टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारी ओढ, हवा होता. रेनेसिसचा टॉर्क २१६ न्यूटन-मीटर, तोही काटा बराच वर नेल्यावर. एलएस२चा सुमारे ५४०, आणि त्यातला बराचसा तुम्ही पाय नुसता ठेवलात की हजर. २३८ अश्वशक्तीच्या जागी ४००.

शिवाय एलएस दिसतं त्यापेक्षा लहान आहे. कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वर डोक्यात नसून खाली ब्लॉकमध्येच असल्यामुळे वरची हेडं छोटी राहतात. ब्लॉक अॅल्युमिनियमचा. व्ही-८ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर ट्रॅक्टर येतो, तसलं हे नाही. आणि तिसरं कारण निव्वळ आळशीपणाचं: या जोडीसाठी माउंटिंग, सबफ्रेम (इंजिन पेलणारी खालची चौकट), हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) असं सगळं तयार किटमध्ये मिळतं. वेल्डिंग मला येतं, पण ज्या वेल्डवर चारशे घोडे टांगायचे ते माझे नसलेले बरे.

ट्रकमधलं एलएस स्वस्त मिळतं. ते चालेल का?

टेक्सासात राहणारा माझा मित्र तेच करतो. कॅलिफोर्नियात सहसा नाही. इथला नियम असा की नवं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याच वर्गातल्या वाहनाचं हवं, आणि ते ज्या गाडीतून आलं तिची प्रदूषणाची सगळी सामग्री सोबत हवी: कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफा साठवणारा कोळशाचा डबा, सगळं. कारमध्ये ट्रकचं इंजिन टाकलं की कटकट सुरू. माझी गाडी २००४ची, त्यामुळे कॅमॅरोमधलं लाडकं एलएस१ बाद झालं. ती कॅमॅरो २००२ लाच बंद पडली. उरल्या २००४च्या कॉर्व्हेट आणि जीटीओ, आणि पुढची एलएस२वाली मंडळी. ठोकलेली जीटीओ मिळाली म्हणून एलएस२. यात रोमँटिक काही नाही, कॅलेंडरने निवडलेलं इंजिन आहे.

इंजिन सुटं घेऊ नका. जमलं तर अख्खी ठोकलेली गाडी घ्या. वायरिंग, कॉम्प्युटर, अॅक्सिलरेटरचं पेडल (एलएस२ला केबल नसते, पेडल विजेचं असतं), टी५६ गिअरबॉक्स, सगळं एकाच घरचं मिळतं. उरलेलं विकून निम्मे पैसे परत येतात. माझ्या अंगणात मात्र तीन महिने जीटीओचा सांगाडा होता आणि शेजाऱ्यांनी नमस्कार करणं बंद केलं होतं.

आधी काय करायचं, इंजिन की बाकीचं?

बाकीचं. इथे बहुतेक लोक घसरतात. इंजिन आलं की हात शिवशिवतात आणि ते आधी उतरवलं जातं. मग गाडी सुरू होते आणि थांबत नाही, कारण कॅलिपर सात वर्षांपूर्वीचे.

मी पहिले चार महिने इंजिनाला हात लावला नाही. टाकी उतरवून साफ केली, पंप बदलला. ब्रेकचे कॅलिपर, होज, तेल सगळं नवं. आरएक्स-८चे ब्रेक मुळात दणकट आहेत, पुढच्या डिस्क ३२३ मिलिमीटरच्या, त्या ठेवल्या. सस्पेन्शनचे रबरी बुश. टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल दिसो, वर्ष जुनं असेल तर टायर भंगारात. उंदरांनी खाल्लेलं वायरिंग तारेतार तपासलं. या चार महिन्यांत फोटो काढण्यासारखं काही घडत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी विचारतही नाही.

कापाकापी किती करावी लागली?

वाटते त्यापेक्षा कमी. पुढची सबफ्रेम किटची. एक गोष्ट मात्र नक्की जाते. आरएक्स-८मध्ये गिअरबॉक्स आणि मागचा डिफरेन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) यांना जोडणारी लांब तुळई असते. गिअरबॉक्स बदलला की ती काढावी लागते, आणि मग डिफरेन्शिअलला धरायला दुसरा आधार लागतो. बरेच जण त्याच वेळी फोर्डचा ८.८ इंची डिफरेन्शिअल बसवतात, मीही बसवला. माझदाचा प्रॉपेलर शाफ्ट कार्बन फायबरचा होता, इतका हलका की एका हाताने उचलला. तो अजून भिंतीवर आहे, फेकवत नाही.

ऑइलचं चेंबर नीट बघा. जीटीओचं चेंबर पुढच्या बाजूला खोल असतं, कॅमॅरोचं मागच्या. तुमच्या किटला कुठलं लागतं ते इंजिन चेन ब्लॉकला टांगण्याआधी विचारा. मी टांगल्यावर विचारलं.

सगळ्यात अवघड काय गेलं?

स्टिअरिंग. होय, स्टिअरिंग.

या गाडीत पॉवर स्टिअरिंग विजेचं आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर, एबीएस, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड हे एकाच दोन तारांवर एकमेकांशी सतत बोलत असतात. माझदाचा इंजिन कॉम्प्युटर काढला की घरातला कर्ता माणूस गेल्यासारखं होतं. स्टिअरिंग विचारतं, वेग किती? उत्तर नाही. इंजिन चालू आहे का? उत्तर नाही. मग ते रुसून मदत बंद करतं आणि गाडी वळवायला पैलवान लागतो. डॅशबोर्डवर सगळे दिवे दिवाळीसारखे.

उपाय म्हणजे मधे एक छोटा डबा बसवायचा. तो जीएमच्या कॉम्प्युटरची भाषा ऐकतो आणि माझदाच्या मंडळींना माझदाच्या भाषेत खोटं सांगतो की कर्ता घरीच आहे. तयार डबे मिळतात. मी घेतलेला पहिला डबा वेग बरोबर सांगायचा आणि आरपीएम दुप्पट. विकणाऱ्याने तीन आठवडे ईमेलला उत्तर दिलं नाही, मग मी स्वतः एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर घेऊन रात्री जागवल्या. दिवसभर ऑफिसात कोड लिहायचा आणि रात्री गॅरेजात पुन्हा तेच. मेकॅनिकचं काम म्हणून हौस सुरू केली होती.

जाता जाता: आरएक्स-८च्या डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा दिखाऊ आहे. प्रेशर किमान आहे एवढं कळलं की तो मध्यावर जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. व्ही-८ बसवताना खरा गेज लावा.

इंजिन बदललं की गाडी रेफरीला दाखवावी लागते म्हणे. रेफरी म्हणजे काय? क्रिकेटमधला?

जवळपास तसाच, तिसरा अंपायर म्हणा. इंजिन बदललेली गाडी इथे नेहमीच्या स्मॉग (धुराच्या तपासणीच्या) स्टेशनवर सरळ पास होत नाही. आधी सरकारने नेमलेल्या रेफरीकडे वेळ घ्यावी लागते. तो इंजिनाचा नंबर बघतो, प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो ते बघतो, कॉम्प्युटरला आपला स्कॅनर लावतो. सगळं पटलं की दाराच्या खांबाजवळ एक लेबल चिकटवतो. त्यानंतर दर दोन वर्षांनी नेहमीचं स्मॉग. सरकारी मंजुरी नसलेला एकही बदल इंजिनात खपत नाही, आणि २०२१ पासून कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअरही तपासतात, त्यामुळे "थोडं ट्यूनिंग करून घेतो" हा विचार इथेच सोडा.

मी पहिल्या फेरीत नापास झालो. इंजिन चकाचक, कन्व्हर्टर जागच्या जागी, पण चेक इंजिनचा दिवा लागला होता. वाफा कुठूनतरी गळत होत्या. शोधता शोधता सापडलं ते टाकीच्या वरचं माझदाचं मूळ रबरी नळकांडं, सात वर्षांत वाळून चिरलेलं. मी सगळं बदललं होतं आणि ते एक सोडलं होतं, कारण तिथे हात पोचत नव्हता. दुसऱ्या फेरीत पास.

खर्च?

बायको हे वाचते, त्यामुळे ढोबळ सांगतो. स्वतःच्या हाताने केलं तरी १५ ते २० हजार डॉलर धरून चला, आणि त्यात इंजिन हा निम्म्याहून कमी भाग आहे. किट, डिफरेन्शिअल, शाफ्ट, रेडिएटर, एसीचे नवे पाइप, सायलेन्सर आणि हजारो छोट्या गोष्टी. नटबोल्टांचाच आकडा लिहायला लाज वाटते. एवढ्या पैशांत चांगली वापरलेली कॉर्व्हेट येते, हेही खरं आहे. पैसे वाचवायला कुणी स्वॅप करू नये.

अॅव्हरेज किती देते?

वा! चारशे घोड्यांची गाडी समोर उभी आणि तरी हा प्रश्न. पण उत्तर मजेशीर आहे: हायवेला लिटरला दहा-अकरा किलोमीटर, म्हणजे रोटरीपेक्षा बरं. सहाव्या गिअरला इंजिन दोन हजारांच्या आसपास डुलक्या घेत चालतं. गावात मात्र विचारू नका.

पुढे वजन वाढून गाडी बिघडली नाही?

थोडी बदलली. मूळ गाडी पुढे-मागे जवळजवळ पन्नास-पन्नास तोललेली होती. आता पुढचं पारडं किंचित जड आहे, पण इंजिन केबिनच्या भिंतीला अगदी टेकून मागे बसवल्यामुळे वळणात नाक खाली घालत नाही. नाइल्स कॅन्यनच्या रस्त्यावर नेऊन बघा. फरक नाकात नाही, उजव्या पायात आहे. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला मागची चाकं अजूनही मला शिकवतात.

मला जमेल का? मी कधी ऑइलसुद्धा बदललं नाही.

मग आधी ऑइल बदला. नंतर ब्रेक. नंतर क्लच. क्लच करताना रडू आलं नाही तर पुढचं बोलू. आणि गाडीखाली कधीही नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नका, चार घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावा आणि गाडी हलवून बघा.

भारतात असं करता येईल का? पुण्यात भावाकडे एक जुनी गाडी पडून आहे.

इथे आणि तिथे मूळ फरक कागदाचा आहे. अमेरिकेत गाडीची ओळख चासीच्या नंबरवर चालते. आपल्या आरसीवर चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवायचं असेल तर आधी आरटीओकडे जाऊन रीतसर मंजुरी घ्या आणि आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. मोठं इंजिन ठोकून "कोण बघतंय" म्हणाल तर अपघात झाल्यावर विमा कंपनी नक्की बघते.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, पण ती मूळ रूपात असावी लागते. अशा गाडीत दुसरं इंजिन टाकणं म्हणजे पैठणीचा अभ्रा शिवणं.

फोंड्याच्या मावसभावाच्या ओळखीत एक सॅन स्टॉर्म आहे, ती दोन सीटची देशी स्पोर्ट्स कार. तिचं काय?

फोटो पाठव! फायबरची बॉडी, त्यामुळे वरून ती चांगलीच दिसणार. खालची चासी बघ, कोकणातला पाऊस तिथे काम करतो. आत रेनोचं ११४९ सीसीचं छोटं इंजिन असेल, तेच जिवंत करायचा प्रयत्न कर. अशा गाड्या फार थोड्या बनल्या, आणि इंजिन बदललं की वर लिहिलेला सगळा कायदा लागू.

विकणार का?

नाही. आई गेल्या वर्षी सांगलीहून आली होती. या गाडीला मागे उलटी उघडणारी अर्धी दारं आहेत, त्यामुळे तिला मागच्या सीटवर बसता आलं. मिशन पीकपर्यंत फेरी मारली. उतरल्यावर म्हणाली, "आवाज आपल्या जुन्या डिझेल पंपासारखा आहे, पण बसायला बरं आहे."